घरातली बुरशी, दम लागणारं मूल आणि टेस्ट करायची की नाही : एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

भाड्याचं घर, दोन बेडरूम, हॉल, किचन आणि दोन्ही बेडरूमच्या मधोमध एक बाथरूम. हे बाथरूम लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. राहणारे चौघं, नवरा-बायको, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आणि नवऱ्याची आई. घरच्यांना विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, म्हणून त्यांना ताई, दादा आणि आजी एवढंच म्हणतो.

मी घरांमधली ओल आणि गळती शोधायचं काम करतो. त्यांनी मला बोलावलं तेव्हा निम्मं प्रकरण होऊन गेलं होतं, त्यामुळे सुरुवातीचा भाग त्यांनी सांगितला तसा आणि फोनमधले फोटो बघून लिहिलाय.

मुलाला लहानपणापासून सर्दी झाली की छातीत घरघर व्हायची, इन्हेलर घरात असायचाच पण कधीतरीच लागायचा. आजींना रूमॅटॉइड संधिवात, त्यासाठी मेथोट्रेक्सेट आणि सोबत थोडं स्टेरॉइड चालू, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं. बुरशी कोणाच्याही घरात वाईटच, पण ज्या घरात दमेकरी मूल आहे आणि असली औषधं घेणारं माणूस आहे तिथे हिशोब वेगळा लावावा लागतो.

प्रॉब्लेम काय होता

घरात राहायला आल्यावर काही महिन्यांनी, थंडी सुरू झाल्यावर, मुलाच्या बेडरूममध्ये कुबट वास यायला लागला. ताईंना आधी वाटलं कपाटातल्या कपड्यांना येतोय, कपडे धुतले, परत आला. शेवटी कपाट ओढून बघितलं तर मागे बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात खालपासून वरपर्यंत हिरवट काळे ठिपके, आणि त्याला लागून असलेल्या बाथरूमच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत रंग फुगलेला, पोपडे सुटलेले, हात लावला की पावडर हातात. कपाटाची मागची फळीसुद्धा काळी पडलेली.

त्याच काळात मुलाचा रात्रीचा खोकला वाढला होता. झोपल्यावर तास दोन तासांनी सुरू व्हायचा, इन्हेलर आठवड्यातून बऱ्याचदा लागायला लागला. सुट्टीत मामाकडे गेला तेव्हा खोकला जवळजवळ गेला आणि घरी आल्यावर दोन-तीन रात्रींत परत चालू. ही गोष्ट ताईंच्या लक्षात आली पण लिहून ठेवली नव्हती, आणि डॉक्टरांना सांगताना "तिकडे बरा होता" एवढंच सांगितलं गेलं. डॉक्टरांनी औषध वाढवून दिलं, घराबद्दल विचारलं नाही, ह्यांनीही सांगितलं नाही.

पहिला उपाय सगळेच करतात तो केला. ब्लीच लावून पुसलं, वरून बुरशीरोधक म्हणून मिळणारा रंग मारला, कपाट परत जागेवर लावलं. महिनाभरात तेच ठिपके रंगातून वर आले. यात आश्चर्य काही नाही. प्लास्टर सच्छिद्र असतं, ब्लीच वरवरचा डाग पांढरा करतं पण आतल्या ओलीला काहीच करत नाही, आणि ओल आहे तोवर बुरशी परत येणारच. शिवाय मेलेल्या बुरशीचे कणसुद्धा ॲलर्जी करू शकतात, म्हणून नुसती मारणं पुरत नाही, ती काढून टाकावी लागते. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए बुरशी साफ करताना ब्लीच नेहमीचा उपाय म्हणून सुचवतच नाही. आणि हो, ब्लीच वापरणारच असाल तर ते अमोनियावाल्या किंवा ॲसिडवाल्या क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

घाबरण्याचा टप्पा

रंगातून ठिपके वर आल्यावर दादांनी रात्री बसून इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली आणि तिथे काळ्या विषारी बुरशीच्या गोष्टी सापडल्या. स्टॅकिबोट्रिस नावाची काळी बुरशी, तिचं विष, लहान बाळांच्या फुफ्फुसात रक्तस्राव, असं सगळं. आता यातलं खरं काय ते सांगतो, कारण ह्याच भीतीतून पुढचा चुकीचा खर्च होणार होता.

अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात १९९३-९४ मध्ये काही बाळांना फुफ्फुसात रक्तस्राव झाला आणि त्याचा संबंध घरातल्या स्टॅकिबोट्रिसशी जोडला गेला होता. नंतर अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने तो सगळा अभ्यास परत तपासला आणि २००० मध्ये स्पष्ट सांगितलं की हा संबंध सिद्ध झालेला नाही. दुसरं म्हणजे रंगावरून बुरशी ओळखता येत नाही. क्लॅडोस्पोरियम काळपट दिसतं, ॲस्परजिलसच्या काही जाती काळ्या असतात, आणि त्या स्टॅकिबोट्रिसपेक्षा घरांमध्ये खूप जास्त सापडतात. स्टॅकिबोट्रिसला तर सतत चिंब ओला कागद, पुठ्ठा, लाकूड असलं काहीतरी लागतं.

म्हणून घाबरायचं कारण नाही असं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, नाक-घशाचा त्रास आणि दमा बळावणं जास्त दिसतं हे पक्कं आहे, २००४ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तेच सांगितलंय. काही थोड्या लोकांना बुरशीच्या कणांमुळे फुफ्फुसाला सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात तिला. प्रतिकारशक्ती फारच कमी असलेल्यांना ॲस्परजिलसचं खरंखुरं इन्फेक्शन होऊ शकतं. थोडक्यात त्रास खरा आहे, पण तो एखाद्या राक्षसी जातीमुळे होतो असं नाही, ओल आणि तिच्यावर वाढणारं सगळंच त्याला कारण असतं. जागतिक आरोग्य संघटनेने हवेत इतक्या बुरशीपर्यंत चालेल असा आकडासुद्धा दिलेला नाही, ओल आणि बुरशी होऊच देऊ नका एवढंच म्हटलंय.

कोणकोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय म्हणजे हवेची टेस्ट. एका कंपनीने फोनवरच पॅकेज सांगितलं होतं, हवेचे सॅम्पल घ्यायचे, बुरशीची जात शोधायची आणि मग त्यांचंच फॉगिंग, म्हणजे औषधाचा धूर खोल्यांमध्ये सोडणं, करून घर "ट्रीट" करायचं. दादांचा कल इकडे होता, कारण रिपोर्ट हातात आला की काहीतरी कळल्यासारखं वाटतं.

दुसरा पर्याय मुलाची आणि आजींची लघवीतल्या बुरशीच्या विषाची टेस्ट, हीपण इंटरनेटवर दिसलेली. तिसरा, घर सोडणं. चौथा, अजून भारी रंग. आणि पाचवा जो कोणाच्या यादीत नव्हता तो म्हणजे पाणी कुठून येतंय ते शोधणं.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. रिपोर्टमध्ये पेनिसिलियम आलं तर काय कराल, आणि क्लॅडोस्पोरियम आलं तर काय वेगळं कराल? दोन्हीचं उत्तर एकच, साफ करू आणि ओल थांबवू. मग डोळ्यांना दिसणाऱ्या बुरशीचं नाव कळण्यासाठी कशाला खर्च करायचा. ईपीए हेच म्हणते की बुरशी दिसत असेल तर बहुतेक वेळा सॅम्पल घ्यायची गरज नसते, सीडीसीसुद्धा सरसकट टेस्टिंग सुचवत नाही. बाजारात त्या झाकण उघडून ठेवायच्या डिश मिळतात त्यांचा तर काहीच उपयोग नाही, बुरशीचे बीजाणू सगळ्या हवेत असतातच त्यामुळे त्या डिशमध्ये कुठल्याही घरात काहीतरी उगवतंच.

लघवीच्या टेस्टबद्दल आजींच्या डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं आणि बरोबर म्हटलं. निरोगी माणसातही खाण्यातून असले पदार्थ थोडे येतातच, ही टेस्ट आजाराच्या निदानासाठी प्रमाणित नाही आणि सीडीसीने २०१५ मध्ये तसा इशाराही दिलेला आहे.

घर सोडायचा पर्याय मात्र मी उडवून लावला नाही. आजींची औषधं बघता, ओल थांबत नसेल किंवा घरमालक काहीच करत नसेल तर तोच योग्य ठरला असता. ताईंनी ठरवलं की दोन महिने शोध आणि दुरुस्तीला द्यायचे, तोवर मुलगा हॉलमध्ये झोपेल, आणि दोन महिन्यांत भिंत सुकायला लागली नाही तर निघायचं. अशी मुदत आधीच ठरवली हे फार बरं झालं, नाहीतर "बघू, करू" मध्ये वर्ष जातं.

पाण्याचा शोध

इथे जरा सविस्तर लिहितो कारण खरा निकाल इथे लागला.

घरच्यांना वाटत होतं बुरशी एकच आहे आणि कारणही एकच असणार. पण भिंत नीट बघितली तर दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या. बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठिपके होते पण रंग धड होता, फुगलेला नव्हता. बाथरूमच्या भिंतीवर उलट, ठिपके कमी आणि पोपडे जास्त, वर पांढरी पावडर. त्या पावडरीवर पाण्याचा थेंब टाकला तर ती विरघळली, म्हणजे तो क्षार होता, भिंतीतून पाणी बाहेर येताना सोबत येतो तो. बुरशी अशी विरघळत नाही.

मग ॲल्युमिनियम फॉइलची टेस्ट केली. स्वयंपाकघरातलीच फॉइल, वीतभर लांब-रुंद दोन तुकडे, एक कोपऱ्यात आणि एक बाथरूमच्या भिंतीवर, भिंत कोरड्या कपड्याने पुसून चारही कडा टेपने घट्ट चिकटवायच्या, कुठे फट राहू द्यायची नाही, आणि दोन दिवस हात लावायचा नाही. दोन दिवसांनी सकाळी लवकर बघितलं. कोपऱ्यातल्या फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर बारीक दव, बोट फिरवलं तर रेघ उमटली, पण फॉइल सोडवली तर मागची बाजू कोरडी. बाथरूमच्या भिंतीवरची फॉइल वरून कोरडी खडखडीत आणि सोडवल्यावर मागून थेंब ओघळले. ताई बाजूलाच उभ्या होत्या, त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. कोपऱ्यात खोलीतली हवाच भिंतीवर पाणी सोडत होती, आणि बाथरूमच्या भिंतीत पाणी मागून येत होतं.

कोपऱ्याचं गणित सोपं आहे. हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ठेवला होता, रात्री खिडक्या बंद आणि खोलीत कपडे वाळत घातलेले असताना आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास जायची. २५ अंशाला ७० टक्के आर्द्रता असेल तर साधारण १९ अंशाच्या गार पृष्ठभागावर दव धरतं. बाहेरची भिंत, त्यात कोपरा, त्यात समोर कपाट चिकटलेलं म्हणून खोलीची ऊब तिथे पोचत नाही, तिथे तापमान एवढं उतरतंच. आणि बुरशीला दव धरण्याचीही गरज नसते, पृष्ठभागाजवळची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरतं.

बाथरूमच्या भिंतीसाठी आधी घरातले सगळे नळ बंद करून तासभर पाण्याचा मीटर बघितला, काटा हलला नाही, म्हणजे भिंतीतला पाइप फुटलेला नव्हता. हे आधी करायचं कारण पाइप समजून टाइल्स फोडायला सुरुवात करतात आणि निघत काही नाही. मग दोन दिवस बाथरूम बंद ठेवून मॉइश्चर मीटरने, म्हणजे भिंतीतली ओल मोजणाऱ्या यंत्राने, रीडिंग घेतलं, नंतर ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या पाणी वाहून जायच्या तोंडाला, बूच लावून जमिनीवर बोटभर पाणी रात्रभर उभं केलं आणि परत तिथेच रीडिंग घेतलं. खालच्या पट्ट्यात रीडिंग चांगलंच चढलं. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा आणि ट्रॅपच्या कडेचं वॉटरप्रूफिंग गेलं होतं, आंघोळीचं पाणी रोज तिथून भिंतीत मुरत होतं.

घरमालकाशी बोलणं

घरमालकाचं पहिलं उत्तर अपेक्षित होतं, तुम्ही घरात कपडे वाळवता, खिडक्या उघडत नाही, त्यामुळे होतंय. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की राग येतो, कारण यात माणसं जातात. इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला, त्याच्या आईवडिलांनी घरातल्या बुरशीची तक्रार वारंवार केली होती आणि दोष त्यांच्याच राहणीमानाला दिला गेला होता. २०२२ मध्ये चौकशीत मृत्यूचं कारण घरातली बुरशीच असल्याचं नोंदलं गेलं, आणि २०२३ मध्ये तिथे सरकारी आणि संस्थांच्या भाड्याच्या घरांसाठी त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला.

पण ह्या घरात घरमालक अर्धा बरोबर होता, आणि ताईंनी ते आधीच कबूल केलं. हा मला ह्या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. त्यांनी तारखेसकट फोटो पाठवले, दोन्ही फॉइलचे, मीटर रीडिंगचे, आणि लिहिलं की कोपऱ्याचं आम्ही बघतो, कपडे खोलीत वाळवणार नाही, कपाट पुढे ओढतो, पण दुसऱ्या भिंतीत पाणी बाथरूममधून येतंय ते तुम्हाला करावं लागेल, आणि घरात दमेकरी मूल आणि प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस आहे हे डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट कळवतोय. भांडायला जागाच उरली नाही. बाथरूमचं काम मंजूर झालं. हवेचा रिपोर्ट पाठवला असता तर "बुरशी आहे" एवढंच सिद्ध झालं असतं, आणि त्यावर तर कोणाचाच वाद नव्हता.

साफसफाई आणि दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा. आधी पाणी बंद, मग साफ, मग सुकवणं, मग रंग. लोक उलट्या क्रमाने करतात.

आजी आणि मुलगा काम होईपर्यंत आत्याकडे राहायला गेले, आजींच्या डॉक्टरांनी हे स्पष्टच सांगितलं होतं की खरवडताना त्या घरात नकोत. दिसणारी बुरशी मिळून साधारण दहा चौरस फुटांच्या आत होती, ईपीएच्या मते एवढं काम घरचे लोक स्वतः करू शकतात, त्यापेक्षा जास्त असेल किंवा सांडपाणी शिरलं असेल तर जाणकार माणूस बोलवावा. दादांनी एन-९५ मास्क, हातमोजे आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा गॉगल घालून कोपरा साबणाच्या पाण्याने पुसला. कोरडं घासायचं नाही, आधी ओलं करायचं, नाहीतर सगळे बीजाणू घरभर उडतात. खोलीच्या दाराला प्लॅस्टिक लावलं, खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने लावला. बाथरूमच्या भिंतीचं सुटलेलं प्लास्टर खरवडून विटेपर्यंत काढलं. कपाटाची मागची फळी फेकून दिली, असलं लाकूड-भुश्याचं मटेरियल आत भिजलं की साफ होत नाही. गादी बदलली.

भिंत सुकायला वाटलं त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागला. रंगारी रोज फोन करायचा, ताईंनी थोपवून धरलं, घरातल्याच एका कोरड्या भिंतीचं रीडिंग आणि ह्या भिंतीचं रीडिंग जवळ आल्यावरच प्लास्टर केलं, आणि मग तेही सुकल्यावर रंग.

दुसरा प्रश्न : आजींची खोली, आणि इथे टेस्ट का केली

आजी परत आल्या आणि म्हणाल्या माझ्या खोलीत अजून वास येतोय. बाकी कोणाला येत नव्हता. खोलीत कुठेही ठिपका नाही, पोपडा नाही. पण पलंगामागची भिंत त्याच बाथरूमची दुसरी बाजू, आणि तिच्यावर जमिनीपासून खिडकीच्या उंचीपर्यंत लाकडी पॅनेलिंग ठोकलेलं. मीटर पॅनेलमधून भिंत वाचू शकत नव्हता. घरमालक पॅनेल काढायला तयार नव्हता, बाथरूम तर दुरुस्त झालं ना, मग आता काय, असं त्याचं म्हणणं, आणि वरवर बघता ते चुकीचंही नव्हतं.

आता परिस्थिती बदलली होती. बुरशी दिसत नाही पण वास आहे, लपायला जागा आहे, खोलीत झोपणारं माणूस औषधांमुळे नाजूक आहे, आणि रिपोर्टवरून एक ठरावीक निर्णय होणार आहे, पॅनेल उघडायचं की नाही. टेस्टला अर्थ येतो तो अशा वेळी. तरीसुद्धा सॅम्पल घेण्याआधी बसून लिहून काढलं की काय आलं तर काय करायचं. जास्त आलं तर घरमालकाला दाखवून पॅनेल उघडायचं. काही आलं नाही तर वास गेला असं धरायचं नाही, कारण हवेचं सॅम्पल म्हणजे काही मिनिटांचीच हवा, त्या वेळी बीजाणू उडाले नाहीत तर रिपोर्ट स्वच्छ येतो, म्हणून तसं झालं तर पलंग दुसऱ्या भिंतीला हलवायचा आणि स्विचबोर्डची प्लेट खोलून मागे डोकावायचं.

सॅम्पल घ्यायला असा माणूस बघितला जो साफसफाईचं काम करत नाही, नुसतं सॅम्पल घेतो आणि लॅबला देतो. तीन जागांचे सॅम्पल एकाच दिवशी, आजींची खोली, हॉल आणि घराबाहेर. बाहेरचं सॅम्पल नसेल तर रिपोर्टला काहीच अर्थ नाही, कारण चांगलं-वाईट ठरवायला प्रमाणित मर्यादा नाहीतच, तुलना करूनच बोलता येतं. रिपोर्टमध्ये हॉल आणि बाहेर साधारण सारखे आले. आजींच्या खोलीत ॲस्परजिलस-पेनिसिलियम गटाचे बीजाणू बाहेरपेक्षा कितीतरी जास्त, आणि थोडे केटोमियमचे, ही बुरशी भिजलेल्या लाकडा-कागदावर वाढते आणि बाहेरच्या हवेत सहसा फार नसते. घरमालकाने तो कागद बघून खालच्या दोन फळ्या काढायला होकार दिला. फळ्यांची मागची बाजू आणि त्यामागच्या लाकडी पट्ट्या पूर्ण काळ्या, भिंत वरून सुकत आलेली पण बंद जागेत लाकूड ओलंच राहिलेलं. सगळं पॅनेलिंग काढलं, आजी परत आत्याकडे, परत तीच साफसफाई.

निकाल

मुलाचा रात्रीचा खोकला हळूहळू कमी झाला, इन्हेलर परत कधीतरीवर आला. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नंतर डॉक्टरांनी त्याची त्वचेवरची ॲलर्जी टेस्ट केली तेव्हा धुळीतल्या माइटला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांना, जोरदार रिॲक्शन आली आणि बुरशींना विशेष काही नाही. माइटलाही दमट हवा लागते, ओलसर खोलीत गादीत ते वाढतात. म्हणजे त्याला त्रास बुरशीचा होता, माइटचा होता की दोन्हीचा हे सांगता येत नाही, गादीपण बदलली, औषधही चालू होतं, सगळं एकदमच झालं. बुरशीची जात शोधत बसलो असतो तर माइट हा मुद्दा कदाचित बाजूलाच राहिला असता. ओल थांबवल्यामुळे दोघांचाही बंदोबस्त झाला.

आजींना कुठलं इन्फेक्शन झालं नाही. औषधं तशीच चालू आहेत.

पुढच्या थंडीत कोपऱ्यात दोन-चार ठिपके परत दिसले. कपाट साफसफाईच्या वेळी कोणीतरी परत भिंतीला टेकवलं होतं. पुसलं, कपाट हातभर पुढे ओढलं, बाथरूमचा एक्झॉस्ट आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवायला लागले, हायग्रोमीटर ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतात, बहुतेक दिवस ५० च्या आसपास असतो.

काय वेगळं करता आलं असतं

घर भाड्याने घेतानाच पॅनेलिंग आणि कपाटांच्या मागे बाथरूमची भिंत आहे का एवढं बघितलं असतं तरी अर्धं कळलं असतं. बाथरूमला लागून लाकूड ठोकलेलं असेल तर खालची कड दाबून बघा, मऊ लागली तर समजून जा.

मुलाची रोजनिशी सुरुवातीपासून ठेवायला हवी होती. घरी किती रात्री खोकला, बाहेर झोपला तेव्हा किती, इन्हेलर कधी, बस एवढंच, वहीच्या एका पानावर. डॉक्टरांना "तिकडे बरा होता" सांगणं आणि हे पान दाखवणं यात फार फरक पडतो, घराबद्दलचा प्रश्न काही महिने आधी विचारला गेला असता. आणि डॉक्टर विचारत नसतील तर आपण होऊन सांगायचं की घरात ओल आहे, बुरशी दिसतेय.

आजींच्या खोलीत टेस्टच्या आधी स्विचबोर्डची प्लेट खोलून आत छोटा कॅमेरा घालून बघणं शक्य होतं. मेन स्विच बंद करून, इलेक्ट्रिशियनकडून. काळं लाकूड दिसलं असतं तर टेस्टची गरजच नव्हती. दादांचं मत वेगळं आहे, त्यांना वाटतं लॅबचा कागद नसता तर घरमालक नुसत्या फोटोवर मानला नसता. दोन्ही बाजू मला पटतात, पण त्या घरमालकाने फॉइलचे फोटो आधी मान्य केले होते हेही खरं.

सगळं झाल्यावर परत हवेची टेस्ट करून खात्री करायची का यावर बरीच चर्चा झाली. मुलाच्या खोलीत केली नाही, ठिपका नाही, वास नाही, भिंत कोरडी आणि कोरडीच राहतेय, हे पुरेसं मानलं. आजींच्या खोलीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारलं, तेसुद्धा म्हणाले पॅनेल निघालंय, भिंत उघडी आहे, आता डोळ्यांनी बघता येतंय तर महिन्यातून एकदा पलंग ओढून बघा, आणि त्यांना ताप किंवा नवा खोकला आला तर वाट न बघता लगेच घेऊन या. ताई दर महिन्याला पलंग ओढून बघतात, मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहितात, त्या भिंतीला लागून काही ठेवत नाहीत.